जाताना सात, येताना तीन

जाकार्ताच्या विमानतळावर देशाच्या पूर्व टोकाच्या जयापुराहून येणाऱ्या नवऱ्याची वाट पाहत रेंगानिस बाळाला थोपटत होती. मागच्या बाकावर दोघी बहिणींचं चाललं होतं.

“तिकिटावर बघ ना ताई! जाताना सात तास, येताना तीन. मधले चार तास माझा नवरा असतो कुठे?”

“अगं वेडाबाई, विमानाला पाचच तास लागतात. तिथलं घड्याळ दोन तास पुढे. आपल्याकडे ऊन असतं, तेव्हा तिथे सूर्य मावळतो.”

“आपल्या आधी?”

“मग! रोजासुद्धा आधीच सुटतो त्यांचा. उगाच संशय घेतेस बिचाऱ्यावर.”

“पण काल जयापुराहून त्याचा फोन होता, तेव्हा आम्ही दोघांनी एकत्रच रोजा सोडला. अजान त्याच्याकडेही चालू होती, ताई.”

ताईने तिच्या हातातलं तिकीट घेऊन पुन्हा वाचलं.

विमान उतरल्याचं जाहीर झालं. रेंगानिस बाळाला घेऊन उठली आणि काल इथल्या अजानसोबतच नवऱ्याच्या फोनमधूनही ऐकू आलेली अजान आठवत तिथेच उभी राहिली.