शेठची तपासणी

प्राण्यांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक वयस्क नवरा-बायको औषधं मिळण्याची वाट पाहत बसले होते. पायाशी त्यांचा कुत्रा शेठ, पोट सुटलेला, धापा टाकणारा.

"इन्सुलिन वाढवलं तरी साखर उतरेना, तेव्हा मला वाटलं, तुम्हीच चोरून बिस्किटं देताय."

"आता कळलं ना? मधुमेहाच्या जोडीला कुशिंग, म्हणजे ताणाचं हार्मोन वाढण्याचा आजार, असेल म्हणाले. त्यात इन्सुलिनचं काही चालत नाही."

"तुमच्यापुढे जसं माझं."

"कुशिंग अजून नक्की नाही. लघवी तपासल्यावर कळेल."

"ती घरीच धरायची. इथे तो घाबरतो, मग तपासणी चुकते."

"आणि आधी दोन दिवस घरात आरडाओरडा नको."

"हे सांगताना डॉक्टर तुमच्याकडे बघत होते."

"तुझ्याकडे."

"बरं, मग मी दोन दिवस बहिणीकडे जाते."

"नको. तू गेलीस की अन्नाला शिवत नाही."

"कोण, तो की तुम्ही?"

"दोघंही. पण इन्सुलिन त्याला आहे, त्याने उपाशी राहून चालणार नाही."

"राहते मग. पण टीव्हीचा रिमोट दोन दिवस माझ्याकडे."

"घे. शेठसाठी."