जो जागेवर नाही तो संशयित

अहो, ढकलताय काय? नंबर आल्याशिवाय आत सोडत नाहीत, मी काय हौस म्हणून बसलेय ह्या बाकड्यावर? तुमचा कितवा? बासष्ट? माझा एकोणसाठ, चाललाय एकतीस, आणि आतला साहेब आत्ताच चहाला गेला, म्हणजे झालंच कल्याण! बसा, बसा... मोमिना, सरक गं जरा. नाही सरकणार. बघितलंत? चार दिवस झाले, एक शब्द बोलत नाही माझ्याशी. आणि हिच्याच सहीसाठी मी हिला इथं घेऊन आलेय! आता तुम्हीच ऐका आणि तुम्हीच सांगा, ह्यात माझं काय चुकलं?

तुम्हाला सांगते, आमची बिल्डिंग जोगेश्वरी पूर्वेला, झोपड्या पाडून झालेली. घरात मी, आमचे हे आणि सासरे. सासरे म्हणजे धाकूबाबा, मालवणकडचे, गिरणीत जन्म गेला, आता ब्याऐंशी वर्षांचे, आणि दोन वर्षांपूर्वी लकवा मारला तेव्हापासून खाटेवर. त्यांचं सगळं ही मोमिना करते. मालदाची. म्हणजे बंगालमधला मालदा, आपल्या भारतातला... तुमच्या भुवया वर गेल्या त्या दिसल्या हां मला! बाबांना पेज भरवते, कूस बदलते, दाढी करते, आणि बाबा दिवसभर मालवणीत बडबडतात म्हणून ही बया चक्क मालवणी शिकली. हिंदी मोडकी, मराठी तोडकी, पण मालवणी? माझ्यापेक्षा झकास!

तर झालं काय, गेल्या महिन्यात सोसायटीची मीटिंग. आमचा चेअरमन अनिरुद्ध, त्याला मोबाइलवर रोज सकाळी एक घुसखोर सापडतो. उभा राहिला, "बंधूंनो, भगिनींनो, देश धर्मशाळा झालाय! आपल्या घरात कोण भांडी घासतंय हे आपल्याला माहीत आहे का?" तिसऱ्या मजल्यावरची शीतल, शाळेत शिकवते, ती लगेच, "नुसत्या भाषेवरून माणसाला संशयित ठरवायचं? आज त्यांना विचारताय, उद्या तुम्हाला विचारतील!" हा म्हणतो "राष्ट्रद्रोह", ती म्हणते "संविधान", मागून कोणीतरी म्हणतो "आधी पाण्याच्या टाकीचं बोला"... नुसता गोंधळ! आता मी काय म्हणते, घुसखोर नसतातच का? असतात ना! खोटे कागद बनवून देणारे नाक्यानाक्यावर बसलेत, मग तपासायला नको? नको कसं? म्हणून उठले मी आणि म्हटलं, तपासणी मी करते. का? कारण अख्ख्या बिल्डिंगच्या फायली एकेकाळी मी लावल्यात, कागदातलं मला कळतं. नियमही मीच सांगितला. रविवारी घरोघरी जायचं, कामवाल्या बायांचे कागद बघायचे, आणि जो जागेवर नाही तो संशयित! टाळ्या पडल्या हो. टाळ्या!

हा नियम मला सुचला कुठून? आता ते सांगायलाच हवं. आमची झोपडपट्टी होती तेव्हा सर्व्हे आला. कधी आला? गणपतीत! अहो, गणपतीत कोकणातला माणूस मुंबईत सापडेल का? गल्लीच्या गल्ली गावाला, सगळ्या दारांना कुलपं. सर्व्हेवाल्याने काय केलं, खडू काढला आणि दारादारावर लिहीत गेला, "बंद". बंद म्हणजे राहत नाही, राहत नाही म्हणजे नव्या घराला अपात्र. आम्ही गौरीचं विसर्जन करून आलो, तर आम्ही मुंबईत नव्हतोच! बाबांनी अकरा वर्षं ऑफिसच्या पायऱ्या झिजवल्या, हातात ही पिशवी, हीच, बघा हिचे बंद दोनदा शिवलेत. एकदा एक साहेब त्यांना तोंडावर म्हणाला, "घुसखोर आहात तुम्ही." बाबा रडले होते त्या दिवशी. गिरणीच्या संपात नाही रडले, पण त्या दिवशी रडले. आणि तोच नियम मी मीटिंगमध्ये सांगून आले! का सांगितला? मला काय माहीत! आमच्यावर चालला तोच नियम असतो असं वाटलं मला.

रविवारी निघालो. अनिरुद्ध मागे, मी पुढे, हातात वही. सातव्या मजल्यापासून खाली खाली, वाटेत अनिरुद्धची बाई रजेवर म्हणून तिला लिहिलं संशयित, आणि आलो आमच्या दारात. मोमिना नाही! असेल कशी? मीच तिला सकाळी मेडिकलमध्ये पाठवलेली, बाबांची डायपरं आणायला! म्हटलं, अनिरुद्ध, ती खाली गेलीय, येईल दहा मिनिटांत. तर हा हसतो, "नंदाताई, नियम तुमचाच." मागे सात-आठ जणं उभी, सगळी बघतायत. आता चेअरमनच्या घरची बाई संशयित आणि माझ्या घरची सुटली, असं झालं असतं तर लोकांनी शेण नसतं घातलं तोंडात? म्हणून लिहिलं. माझ्याच हाताने, सुंदर अक्षरात. मोमिना, संशयित. म्हटलं, नंतर खोडू. आणि त्या मेल्याने वहीचा फोटो काढून तिथल्या तिथे अर्जाला जोडला! अर्जही माझाच लिहिलेला बरं का, एक प्रत पोलिसांना, एक प्रत इथल्या, ह्या झोपडपट्टी पुनर्वसनाच्या ऑफिसला, कारण दुसऱ्या परिच्छेदात मीच लिहिलेलं की, बेकायदा राहणारे शोधण्यासाठी सर्व घरांचीही पाहणी व्हावी. जबाबदार नागरिक ना मी! आता सांगा, ह्यात माझं काय चुकलं?

बुधवारी सकाळी पोलिसांनी गेटवरच उचलली हिला. मी चौकीत धावले, तर साहेब बंदोबस्ताला, भेट नाही, उद्या या. घरी आले. बाबा म्हणतात, "ता खंय गेला?" म्हटलं, येईल मोमिना, बाबा. पेज पुढे केली, तोंड फिरवलं. दुपारी नाही, संध्याकाळी नाही, गुरुवारी सकाळी तर पाणीसुद्धा नाही हो! ओठ गच्च मिटलेले. माणूस ब्याऐंशीचा, दीड दिवस उपाशी, आणि नजर दाराकडे. म्हटलं, हा माणूस गेला तर तो माझ्या अक्षरामुळे गेला. बाहेरून कुलूप घातलं आणि सुटले चौकीकडे.

तिथं ही कोपऱ्यात बसलेली, पाय पोटाशी घेऊन, आणि साहेबाला हात जोडून सांगतेय, "सायबानू, माका सोडा. म्हाताऱ्याक पेज भरवची आसा." साहेब साताऱ्याकडचा! तो मला म्हणतो, "ऐका बाई, ऐका. ही भाषा भारतातली आहे का?" अहो, माझ्या माहेरची भाषा ती! हसू की रडू? म्हटलं, साहेब, हिचे कागद... "कागद ताईंकडे आहेत असं कालपासून सांगतेय. आणि ताईंनीच तर लिहून दिलंय, संशयित!" आणि माझी लिस्ट माझ्यापुढे सरकवली. "चार वाजता गाडी निघेल. सगळ्यांना पुढे पाठवायचंय." पुढे कुठे? "ते वरचे ठरवतील." घड्याळात तीनला दहा कमी!

आणि तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख पडलं. हिच्या खोलीत पाणी शिरतं म्हणून गेल्या वर्षी हिने कागद माझ्याकडे ठेवायला दिले होते. कपाटात. ह्या पिशवीत. आमच्या फायलीच्या खाली! म्हणजे जिचे कागद मी तपासायला निघाले होते, ते माझ्याच घरात, माझ्याच कुलपात... रिक्षा मिळेना, हायवे जाम, पळत गेले हो, ह्या गुडघ्यांनी! पिशवी उचलली, बाबांकडे बघितलंसुद्धा नाही, पुन्हा कुलूप, पुन्हा पळत. गाडीत बायका चढत होत्या. हिचा एक पाय पायरीवर. साहेबाने कागद उलटसुलट केले, फोन लावला, पाच मिनिटं धरून ठेवला. ती पाच मिनिटं मला माहीत आणि हिला माहीत. मग म्हणाला, "उतर." ही उतरली. बाकीच्या गेल्या. त्यांचे कागद कोणाच्या कपाटात होते, देव जाणे.

रिक्षात मी रडले, ही नाही. घरी पोचलो, तर दारावर कागद चिकटवलेला! मी चौकीत असताना ह्या ऑफिसची माणसं पाहणीला येऊन गेलेली, माझ्याच दुसऱ्या परिच्छेदाप्रमाणे. हा बघा, वाचा. "पाहणीच्या वेळी घर बंद. आतून आवाज येतो. ओळख पटली नाही. सात दिवसांत खुलासा करावा." अहो, बाबा ओरडत होते आतून, "आमी आसंव! आमी आसंव!" आम्ही आहोत म्हणून सांगत होते, त्याची ही नोंद! ही माझ्याआधी आत गेली, पेज गरम केली, आणि बाबांनी वाटीभर खाल्ली, दीड वाटी. मी उंबऱ्यातच बसले कागद हातात घेऊन. आता खुलाशाला साक्षीदार हवा, घरी रोज येणारा. नातेवाईक चालत नाही, बिल्डिंगमधला चालत नाही, कारण सगळी बिल्डिंगच संशयित. राहिलं कोण? हिला विचारलं, येशील का गं? बोलली नाही. पण आज ह्यांनी बाबांसाठी रजा टाकली, तर ही चप्पल घालून दारात उभी.

काय? एकोणसाठ? एवढ्यात? मधले कंटाळून घरी गेले वाटतं! आले, आले साहेब! हा घ्या अर्ज... हो, तिथेच राहते मी... साक्षीदार? ही. मोमिना, हे घे पेन, इथं कर गं सही. कर ना. अगं, साहेब थांबलेत... काय? काय म्हणालीस? बोलली! ऐकलंत, बोलली! काय म्हणते? "आदी कागद दाखवा, ताई."

...दाखवते बाई. घे, ही पिशवी, सगळी बघ. साहेब, दोन मिनिटं थांबा, तिला बघू द्या. आता ह्यात तिचं काय चुकलं, सांगा?