तानासेमामाच्या नावानं

अध्यक्षस्थानी असलेले आदरणीय फादर झाहारिया, व्यासपीठावरचे नगराध्यक्ष, जिच्यासाठी आपण जमलो ती वेतुरियाताई, आणि स्वयंपाकघराच्या दारात हात पुसत उभ्या असलेल्या मंडळींनो,

मला चार शब्द बोलायला सांगितलं आहे. मी सेवेर, सुतार. या गावच्या बहुतेक शवपेट्या आणि क्रूस माझ्या हातचे. गिऱ्हाइकांनी कधी तक्रार केली नाही. हसू नका, फादर.

बायको गेली, मग हात थरथरू लागले, काम सुटलं. त्या हिवाळ्यात मी उकडलेल्या बटाट्यांवर होतो. चर्चच्या स्वयंपाकघरातून माणसं डबा घेऊन आली. मी दारातूनच ओरडलो, "भिकारी पुढच्या गल्लीत राहतो!" ती पुन्हा आली, मी पुन्हा ओरडलो. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर वसंत दिसायचा नाही.

मग त्याच स्वयंपाकघरातली ताई आली. हातात वाडगा, वर पाव, पावात पेटलेली मेणबत्ती.

"दादा, हे तुमच्यासाठी नाही. माझ्या तानासेमामाच्या नावानं आहे."

आता काय करता? मेलेल्याच्या नावानं इथे द्यावं ते तिकडे त्याच्या ताटात पडतं. ‘नको’ म्हणणं म्हणजे मेलेल्याच्या तोंडचा घास काढणं. जन्मभर मेलेल्यांवर पोट भरलेला माणूस तसं कसं करील? मी वाडगा घेतला. "बोगदाप्रोस्ते," म्हणालो. देव त्याला क्षमा करो.

वाडगा परत द्यायचा नसतो, तोही मृताचाच. माझी फळी वाडग्यांनी भरत गेली आणि मला प्रश्न पडू लागले. कोण हा मामा?

"मामा काय करायचे?"

"मधमाश्या पाळायचे."

पुढच्या खेपेला ते डॅन्यूबवर नावाडी होते. असेल. माणूस दोन धंदे करतो. पण मी एकदा सूप आंबट हवं होतं असं पुटपुटलो, तर पुढच्या वाडग्यातलं सूप आंबट. म्हणे मामांना तसंच लागायचं. माझे गुडघे धरले, तर मामांच्या नावानं लोकरीच्या पट्ट्या आल्या. मेल्यानंतर कुणाच्या आवडीनिवडी बदलतात का? फादर, तुम्हाला ठाऊक असेल तर सांगा.

इतकं खाल्लं, तर काही करावं म्हणून मी ओकच्या लाकडाचा क्रूस केला. नाव कोरलं. हात थरथरत होता, पण अक्षरं सरळ आली. टेकडीवरच्या दफनभूमीत सगळीकडे शोधलं. तानासे कुठेच नाही. क्रूस खांद्यावर घेऊन तडक स्वयंपाकघरात आलो.

"ताई, मामाला पुरलंय कुठे?"

ती कांदा चिरत होती. मान वर न करता म्हणाली, "माझ्या आईला भाऊ नव्हता, दादा."

"मग मी इतके दिवस क्षमा मागितली ती कुणासाठी?"

"तिकडे बेवारस कमी आहेत का? कुणीतरी जेवला असेल. आता आलाच आहात तर सुरी घ्या. तुमचा हात असाही हलतोच, कांदा बारीक होईल."

तेव्हापासून मी इथे कांदा चिरतो. क्रूस मागच्या दारी उभा आहे. लोक त्याच्यापाशी मेणबत्त्या लावतात. कुणासाठी, ते मी विचारत नाही.

उद्या ताई कायमची लेकीकडे ओरादियाला जाणार. सगळ्यांनी तिला शाली दिल्या. मी काही देणार नाही, उलट मागणार आहे. गिरणीजवळच्या एफ्तिमिया बाई, आपल्यातल्या अर्ध्यांना ज्यांनी शाळेत छडी मारली, त्या आजारी आहेत आणि दार उघडत नाहीत. कालही आमच्या माणसांना म्हणाल्या, "भिकारी समजता का मला?" आवाज ओळखीचा वाटला. उद्या मी जाणार आहे. पण माझे मृत त्यांना ठाऊक आहेत, त्यातल्या कुणाचंही नाव घेतलं तर त्या म्हणतील, तो मला अजिबात आवडायचा नाही.

तर ताई, जाताना तानासेमामा इथेच ठेवून जाशील?

ती होकारार्थी मान हलवते आहे. सर्वांनी पाहिलं.

आपण ऐकून घेतलंत, आभारी आहे. सुताराचं बोलणं आहे. कुठे खिळा वर राहिला असेल, तर मोठ्या मनानं ठोकून घ्या. मला लवकर उठायचं आहे. बाईंना काय आवडतं ते अजून ठाऊक नाही. त्यांनी वाडगा घेतला, की मामांना काय आवडायचं ते कळेल.