बारा हातांचं आढं

चहा घ्या, सांगतो. तोरणमाळला आमची खोली आहे ना, तिचं लाकूड आम्हीच ओढलं आणि आम्हीच चिरलं. शेतातला निंब ट्रॅक्टरनं घाट चढवून नेला. मोठ्या करवतीचं एक टोक मी धरलं, दुसरं घरवालीनं. छपराचं आढं निघेल असं लांब खोड एकच होतं. टोकाचे दोन खांब मी आधीच रोवले होते. मधलं अंतर हातानं मोजून तिला सांगितलं, "बारा हात." तिनं खोडावर मोजून गेरूची खूण केली, आम्ही कापलं. वर चढवलं, तर हातभर कमी.

"कितला हात मोजं?" मी विचारलं.

"बारा."

"कोना बारा?"

"मन्हा बारा! तुमना हात मन्हाकडे कोठे व्हता?"

मदतीला आलेला शेजारी हसून हसून खाली बसला. दुसरं खोड आणायचं कुठून? तिनं कुदळ माझ्या हातात दिली.

"लाकूड ते वाढाव नही. खांब जवळ लई या."

एक खांब उपटला, हातभर आत रोवला. आढं चपखल बसलं.

खोली लहान का, असं कोणी विचारलं की मी सांगतो, "घरवालीच्या हाताच्या मापाची आहे."