धुरपदाचं पान

मंडळी, आयाबायांनो, आज बाईंच्या तेराव्याला एवढे जण आलात. बाई शाळेत शिकवायच्या तवा पालकसभेला एवढे कधी आला न्हाईत. मला बोलायची सवय न्हाई. मी बाईंची धाकटी जाऊ. एका चुलीवर आमचा जन्म गेला.

येताना आमचे चुलत सासरे, अण्णा, म्हणाले, "दोन शब्द बोल, पण ते काढू नको." ते म्हंजे काय, हे इथं बसलेल्या सगळ्यांना ठाऊक हाय. मंग तुमी आलात कशाला? रडायला, का मी ते काढते का हे बघायला?

काढते.

दरसाल पित्राच्या दिवसांत बाई परभणीहून पुस्तकं आणायच्या. दुपारी आमच्या ओसरीवर बायकांना वाचून दाखवायच्या. कुठल्या कुठल्या मुलखात चेटकीण म्हणून बाया जाळल्या, बुडवल्या, दगडांनी मारल्या. आमी म्हणायचो, बाई, पित्राच्या दिवसांत हे काय अभद्र? त्या म्हणायच्या, "ह्यांचं पित्र कोण घालतं?"

असंच एकदा वाचन चालू असताना आमच्या सासूबाई रडायला लागल्या. त्यांच्या सासऱ्याची पहिली बायको धुरपदा. गावात लेकरं तापानं गेली, आन् गावानं तिला चेटकीण ठरवलं. शिवेबाहेर हाकललं. पुढं तिचं काय झालं, कुणी विचारलं न्हाई. घरानं तिचं नावच टाकलं.

त्या सर्वपित्रीला बाईंनी धुरपदाच्या नावानं एक पान जास्तीचं वाढलं. अण्णा उठून गेले. तवा विद्यापीठाच्या नामांतराचा वाद पेटला होता. बाई म्हणाल्या, "एका नावावरून सारा मराठवाडा भांडायलाय, आन् घरात आपल्याच बाईचं नाव घ्यायची चोरी?"

तवापासून बाईंवर डोळे लागले. कुणाची म्हैस आटली, बाईंकडं बोट. लेकरू आजारी पडलं की दारावर लिंबू-बिब्बा टांगायचा, आन् बाई समोर आल्या की हसून रामराम घालायचा. मला सगळं दिसायचं.

आता दहाव्याचं सांगते. नदीवर पिंडाला कावळा शिवेना. पुरुषमाणसांनी कबुल्या दिल्या. पोराचं लग्न थाटात करू, गाय सांभाळू, शाळेला खोली बांधू. धुरपदाचं पान चालवू, असं एकानंही म्हटलं न्हाई. शेवटी दर्भाचा कावळा करून शिवून घेतला. आन् माणसं घरी यायच्या आत कुजबुज घरी आली. चेटकिणीला कावळा कसा शिवल?

नाव घेतलं असतं तर कावळा आला असता, असं मी म्हणत न्हाई. बाईच म्हणाल्या असत्या, त्याचं पोट भरलं असल. पण बाईमाणसाला चेटकीण करायला गावाला लय काही लागत न्हाई. धुरपदाच्या वेळी ताप पुरला, आज कावळा पुरला.

मला त्यांची लय आठवण येते हो. चुलीपुढं बसलं की मी अजून त्यांनाच हाक मारते.

अण्णा, येत्या सर्वपित्रीला धुरपदाचं पान मी वाढणार. वाचन बी मीच करणार, अडखळत का होईना. जेवायला कोण येतं आन् दारावर बिब्बा कोण टांगतं, दोन्ही बघून ठेवणार.

आता बाईंसाठी उभं राहून गप्प राहायचं म्हणतात. गप्प राहायला ह्या गावाला शिकवावं लागत न्हाई. म्हणून माझं एवढं ऐका. आधी सगळ्यांनी मोठ्यानं धुरपदा म्हणा. मंग गप्प राहा.