अंघोळीची लाकडं

न्हाई न्हाई, ताई, तुमच्या सरकारी कागदावर माझं वय ब्याण्णवच लिहा — आधारवर एक्क्याऐंशी हाय, ते मास्तरनं अंदाजानं टाकलंय. रझाकाराच्या टायमाला मी पंधरा वर्साचा व्हतो, वडलांसंगं ज्वारीचं पेव बुजवायला गेलतो. करा बरं हिशोब. अन् नव्वदीच्या वरचे तुमच्या यादीत ह्या वस्तीवर किती? दोन? मंग दोन्ही खोडा. म्हाळू आखाडात गेला, भिवराबाई पोळ्याच्या आदल्या दिशी. ऱ्हायलो मी, राधाकिशन, मला घाला. शेजारच्या छबुबाईला धरू नका, ती पंच्याऐंशीचीच हाय — लहान हाय अजून!

काय म्हणलात? एवढं कशामुळं जगलो? आता घ्या — हे काय सांगावं! भाकर, ठेचा, अन् रोज कडक पाण्यानं अंघोळ. अन् पोरगं चांगलं हाय, उत्तरेश्वर, माझा धाकला. आमच्या शिरूरकडं दसरा झाला की समदे ऊस तोडायला जातात, मागं आमी म्हातारे. पर पोरगं सगळं करून गेलं — दळण दळून ठेवलं, छबुबाईला माझी भाकर टाकायला सांगितली, अन् ती बघा, गोठ्याच्या मागं — बघा ना उठून — ती बाभळीची लाकडं. दोन दिवस खपून तोडली त्यानं. मी समद्या वस्तीला सांगत फिरलो, बापाच्या अंघोळीची काळजी हाय म्हणून.

बघितलीत? कळलं न्हवं? तुमाला बघितल्या बघितल्या कळलं — मला दीड महिना लागला. एवढाली ओंडकी, माणसाएवढी लांब, चुलीत जातात व्हय? घोंगडी काढायला पेटी उघडली तर तळाला कोरं पांढरं कापड — दुकानातली घडी तशीच. छबुबाईला इचारलं तर ती रडायलाच लागली. तिला सांगून गेलता तो — म्हातारा गेला तर आमची वाट बघू नका, गावानं उरकून घ्या, तोडीचा मुकादम मधीच सोडत न्हाई, आमी दहाव्याला येतो. दहाव्याला! आरं, ह्याला गोवर निघाला तवा मी बी कड्याच्या कारखान्याकडं तोडीलाच व्हतो — उसाचा फड अर्धा टाकून, ह्याला पाठीवर घेऊन रातभर चाललो डाक्टरकडं. मुकादमाला इचारलं व्हतं का म्या? न्हाई इचारलं! अन् हा पोटचा गोळा, माझ्या जिवंतपणी माझं सरण रचून गेला, अन् जाताना पाया पडला वर. लई लागलं, पोरी, लई लागलं.

मंग काय करतो? कुऱ्हाड घेतली. रोज थोडं थोडं फोडतो अन् अंघोळीच्या पाण्याखाली लावतो. निम्मी संपली. शिमग्यापतोर एक ढलपी ठेवणार न्हाई. गावात आता ओंडका तोडणारा एक धट्टा माणूस न्हाई — म्हणजे मी गेलो की त्याला फोन करावाच लागंल ना? लाकडापुरतं तरी यावं लागंल ना त्याला?

हे कशाला लिहायलात? खोडा ते. बापाला पोरगं इचारत न्हाई असं सरकारात कशाला जायला पायजे? लिहा — कडक पाण्यानं अंघोळ. लिहिलं? मंग निघा आता, पाणी उकळलं माझं.