प्रागचं कळसदर्शन

या मंडळी, पुढे सरका! पुढे बसलं म्हणून जास्त ज्ञान मिळेल असं नाही — माझ्याकडे आहे तेवढंच देणार! तर आजचा प्रश्न ऐका. एखादी गोष्ट 'पाहिली' असं केव्हा म्हणायचं? डोळ्यांपुढून गेली तेव्हा? फोटोत आली तेव्हा? मला विचारू नका. उत्तर माझ्यापाशी असतं, तर रोज इथं घसा कशाला फोडला असता? उत्तर आहे वामनराव दाबक्यांपाशी!

हे वामनराव कोण? जन्मभर एसटी स्टँडवर गाड्या सोडल्या. कर्ण्यावरून ओरडायचे — 'गाडी फलाटाला लागलेली आहे!' निवृत्त झाले, कर्णा गेला, आवाज राहिला. तो सगळा बायकोच्या, मंदाताईंच्या वाट्याला! अशात मुलीनं दोघांना प्रागची तिकिटं काढून दिली. युरोपातलं जुनं शहर हो! नदी, पूल, किल्ला, पावलापावलाला चर्च! आणि मुक्काम इनमिन तीन-चार दिवस.

झालं! वामनरावांनी नकाशा अंथरला नि गाड्या सोडायला लागले. 'सकाळी किल्ला. लगेच पूल. पुलावर चहा नाही!'

मंदाताई म्हणाल्या, 'अहो, आणि तिथल्या चौकातलं ते मोठं घड्याळ?'

'वाटेतच आहे गं! चालता चालता मान वर करायची, हात जोडायचे — कळसदर्शन!'

हसताय काय? आपण नाही करत? रांग मोठी दिसली की लांबूनच कळसाला हात जोडतो, नि घरी सांगतो, दर्शन झालं! मी तर चष्मा नसला की पाण्याच्या टाकीलाही जोडतो!

बरं, एवढ्यावर थांबतील ते वामनराव कसले? म्हणाले, 'रंगीत तालीम करू!' गावातच! ओढ्यावरचा पूल तो पूल, दत्ताची टेकडी तो किल्ला. वामनराव पुढे, मंदाताई मागे. 'डावीकडे राजवाडा!' — होती पिठाची गिरणी! बोलत बोलत टेकडी चढले. 'कसा वाटला किल्ला?' म्हणून मागे वळले, तर मागे कोण? म्हैस! पण मान हलवत मन लावून ऐकत होती हो. मला असे श्रोते कधी मिळायचे?

मंदाताई नाहीत! वामनराव धावत खाली आले. बघतात तर बाई नगरपालिकेसमोरच्या पारावर, मान वर करून बसलेल्या. वर मनोऱ्यावरचं घड्याळ — कित्येक वर्षं बंद!

'अगं, काय बघतेस? बंद आहे ते!'

'असू दे. इथं निदान बघता तरी येतंय. तिथलं चालू आहे, पण तुम्ही थांबू कुठे देणार? तुम्ही जा प्रागला. मी येत नाही.'

कर्णा बंद! वामनराव शेजारी टेकले. हळूच विचारलं, 'पण त्या घड्याळात आहे तरी काय?'

इतक्या वर्षांच्या संसारात पहिल्यांदा विचारलं, मंडळी!

'माहेरी आमच्या आप्पांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं ना? तिथं भिंतीवर त्याचं चित्र होतं. तास झाला की खिडक्या उघडतात, संतांची मिरवणूक जाते, शेवटी कोंबडा आरवतो. आप्पा म्हणायचे, मंदे, एकदा जाऊन ऐकायचं. ते राहूनच गेलं त्यांचं. मला तिथं तास होईपर्यंत थांबायचंय. किल्लाबिल्ला तुमचा तुम्ही बघा.'

वामनरावांना स्वतःचीच लाज वाटली. जन्मभर वेळेवर गाड्या सोडल्या, पण शेजारच्या माणसाला उतरायचंय कुठे, हे विचारलंच नाही!

गेले दोघं प्रागला. चौकात पायरीवर बसले. तास झाला! खिडक्या उघडल्या, संत फिरून गेले, कोंबडा आरवला — संपलं! गर्दी पांगली. वामनराव सवयीनं उठले. मुक्कामाचा शेवटचा दिवस, किल्ला बंद व्हायची वेळ होत आलेली!

मंदाताईंनी डोळे पुसले. 'अहो... अजून एकदा?'

आणि वामनराव, मंडळी — खाली बसले! किल्ला राहिला तो राहिलाच. पण प्राग पाहिलं असं ते आजही छातीठोकपणे सांगतात.

आता तुम्ही सांगा! कुठेकुठे निघालेले असता, पण बरोबरच्याला विचारलंत? ही बघा, पहिल्या रांगेत आमची सौभाग्यवती मघापासून मनगटावरचं घड्याळ दाखवतेय. मी आपला खूश — आख्यान रंगलंय, 'अजून एकदा' म्हणतेय! काय गं? ...नाही? पाय आखडलेत? बघा! आधी विचारायला हवं होतं. चला, उठा मंडळी — आणि उठताना आधी शेजारच्याला हात द्या!